मोहोळावरची लाट

गेल्या बुधवारी सकाळी चहाचा कप घेऊन बाल्कनीच्या काचेपाशी गेले आणि तिथंच थबकले. वरच्या मजल्याच्या स्लॅबखाली, बरोब्बर त्याच कोपऱ्यात, काहीतरी काळपट लोंबत होतं. आदल्या दिवशी तिथं भिंतीच्या रंगाशिवाय काही नव्हतं. मी चष्मा शोधून आणला. माश्या होत्या. आग्या माश्या, एकमेकींना बिलगून, हातभर लांबीचा पडदा करून लटकलेल्या. आमच्याकडे कानडीत यांना हेज्जेनु म्हणतात. "आल्या!" असं मी मोठ्यांदा म्हणाले, घरात ऐकायला कुणीही नसताना. मग आधी सरकतं दार घट्ट लावलं आणि नंतर चिकपेटला फोन केला.

फोन वैनीने घेतला. "अण्णाला सांग, आल्या," एवढंच मी म्हणाले. कोण आल्या, असं तिने विचारलं नाही. "रविवारी घेऊन येते त्यांना," म्हणाली. मागे दुकानातला गलका ऐकू येत होता. चहा तोवर गार झाला होता, तो मी तसाच प्यायले.

माश्या आल्या म्हणजे बेंगळुरूत थंडी आली. पुण्याहून इथं आलेली माणसं आमच्या थंडीला हसतात. हसू देत. पण त्या दिवसांत सर्जापूर रोडवरच्या धुळीलासुद्धा एक ओलसर वास येतो, सकाळी समोरच्या इमारतींचे वरचे मजले धुक्यात दिसत नाहीत आणि कोपऱ्यावरच्या भाजीवालीच्या गाडीवर अवरेकाईचे, म्हणजे पावट्याच्या शेंगांचे, ढीग लागतात. त्या शेंगांना एक तेलकट, हिरवा, बोटांना दिवसभर चिकटून राहणारा वास असतो. तो वास आला की मला तो एक हिवाळा आठवतो. त्या हिवाळ्यात अण्णा माझ्याकडे राहत होता आणि त्याच्याजवळ जगातला एकच शब्द उरला होता.

अण्णा माझा थोरला भाऊ. आमचं घराणं इथं किती पिढ्यांपासून आहे ते आम्हालाच नीट ठाऊक नाही. मराठी घरात बोलतो, भांडतो कानडीत. चिकपेटच्या गल्लीत साड्यांचं दुकान, वर राहतं घर. दुकानात पांढरी गादी, गादीवर अण्णा. त्याचं साडी दाखवणं बघायला मी लहानपणी शाळेतून धावत यायची. इतर लोक साडी उलगडायचे, अण्णा साडी सोडायचा. दोन टोकं उजव्या हाताच्या बोटांत धरून मनगटाला एक हिसका. बस्स. हात तिथंच राहायचा आणि हिसका मात्र कापडातून पुढे जायचा, घडी उघडत, जर चमकवत, आणि पदर अलगद समोरच्या बाईच्या पुढ्यात येऊन पडायचा. लाट म्हणजे काय ते मी भौतिकशास्त्राच्या पुस्तकात फार उशिरा वाचलं. कापड पुढे जात नाही, कापडातून काहीतरी पुढे जातं, हे मला आधीच ठाऊक होतं.

आणि त्याचं बोलणं! "या, बसा," इथून सुरुवात. पाणी, कॉफी, लेकीच्या सासरची चौकशी, मग साडी. गिऱ्हाईक उठलं की पुन्हा "या". जा असं तो कधी कुणाला म्हणालाच नाही. अख्खं दुकान उलगडायला लावून, नाक मुरडून, काही न घेता निघालेल्या बाईलाही तो तितक्याच प्रेमाने "या" म्हणायचा. ती गेली की मग आम्हाला डोळा मारायचा.

दिवाळीची गर्दी ओसरली आणि एका सकाळी त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला, बोलणं गेलं. इस्पितळातून सुटल्यावर त्याला चिकपेटच्या त्या उभ्या जिन्याने वर नेणं शक्यच नव्हतं. माझ्या इमारतीला लिफ्ट आहे, म्हणून तो माझ्याकडे आला. वैनी, जिने उभ्या जन्मात गादीवर पाऊल ठेवलं नव्हतं, ती दिवसभर दुकान सांभाळायला लागली आणि संध्याकाळी मेट्रो, मग रिक्षा करून येऊ लागली.

त्याच्याकडे उरलेला शब्द होता "सरी". बरं, ठीक, असा अर्थ असलेला हा कानडी शब्द इथं सगळ्यांच्याच तोंडी असतो. दुकानात तर दिवसातून शंभरदा. झटक्यात सगळी भाषा वाहून गेली आणि हा एवढा कसा कोण जाणे काठाला अडकून राहिला. भूक लागली, सरी. दुखतंय, सरी. मला एकटं सोडा, सरी. सुरुवातीला आम्ही हसलो, मग रडलो, मग सुरांवरून अर्थ लावायला शिकलो.

डॉक्टरांनी मेंदूचा फोटो समोर धरून समजावलं. गुठळीने मारलेली जागा नखाएवढी होती. "पण हे बघा," ते म्हणाले, "इथून लांब, पार दुसऱ्या बाजूचे भागसुद्धा गप्प झालेत. त्यांना काही झालेलं नाही. त्यांना या जागेकडून साद यायची सवय होती, ती थांबली, म्हणून ते थांबलेत. काही भाग पुन्हा जागे होतात. पहिले काही महिने महत्त्वाचे. हात हलवत ठेवा." धडधाकट असून गप्प बसलेल्या त्या लांबच्या जागा मी फोटोत एकेक करून शोधल्या.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. आमच्या विषयात एक सोयीची सवय आहे: शेजाऱ्याचं धरा, लांबच्याचं सोडून द्या. एका ओळीत बारीक बारीक लोहचुंबक मांडलेत असं समजा. प्रत्येक जण फक्त डाव्या-उजव्या शेजाऱ्याचं ऐकतो असं धरलं की गणित सुटतं. सगळेच सगळ्यांचं ऐकतात असं धरलं की फळा अपुरा पडतो. पण निसर्गाला आमच्या फळ्याची काय पडलीय? दूरच्या ताऱ्याची ओढ क्षीण असते, खरं आहे. अंतर दुप्पट झालं की ओढ पावपट होते. मात्र तारे सगळीकडे सारखेच विखुरलेत असं धरलं, तर दुप्पट अंतरावरच्या थरात तारेही चौपट असतात. एकेकट्याची ओढ नगण्य, सगळ्यांची मिळून जवळच्यांइतकीच. लग्नाच्या मांडवात लांबच्या नातेवाईकांचं असंच असतं. एकेकाला कुणी विचारत नाही, पण पंगती त्यांच्याच उठतात. ही बेरीज मी दर वर्षी फळ्यावर करून दाखवते आणि दर वर्षी शेवटच्या ओळीला क्षणभर गप्प होते. मुलांना वाटतं, बाई पुढचं विसरल्या.

त्या हिवाळ्यात मला हे सगळं शिकवायचा कंटाळा आला होता. कारण अण्णाने हात सोडून दिला होता. फिजिओथेरपिस्ट मुलगी रोज सकाळी यायची, गोड आवाजात "अण्णा, स्वल्प मेले एत्ति" म्हणायची, थोडा वर उचला. अण्णा भिंतीकडे बघायचा. तिने त्याच्या उजव्या हाताला पट्ट्यांचा काळा हातमोजा चढवला, बोटं वाकडी होऊ नयेत म्हणून. वैनीने भिजवलेल्या पावट्यांचं पातेलं पुढ्यात ठेवलं. ते दोन बोटांत दाबून साल काढायची असते, दर थंडीत आमच्या घरी सगळे मिळून करतात. अण्णाने पातेलं डाव्या हाताने दूर सारलं. आठवडे सरत होते, आणि डॉक्टरांनी सांगितलेली मुदत मला रात्रंदिवस टोचत होती. हा माणूस आता असाच राहणार, ही भीती मी वैनीला बोलून दाखवली नाही. तिनेही मला नाही.

त्याच सुमारास माश्या आल्या होत्या.

त्यांची लाट मी आधी कधी बघितली नव्हती. लांबून कोणी गांधीलमाशी घिरट्या घालू लागली की मोहोळाच्या पृष्ठभागावरच्या माश्या आपापलं पोट झटकन वर उचलतात आणि खाली घेतात. एकीचं बघून दुसरी, दुसरीचं बघून तिसरी. मैदानात प्रेक्षक ओळीने उठतात-बसतात तशी एक चमकती लहर साऱ्या पडद्यावरून डोळ्याचं पातं लवायच्या आत जाते. बंद काचेतूनही एक बारीक सर्र ऐकू येतं.

एका सकाळी मी टेबलाशी पेपर तपासत बसले होते. पूर्वेचं ऊन आत येऊन मागच्या पांढऱ्या भिंतीवर पडलं होतं. अण्णा काचेसमोर खुर्चीत. आदल्या रात्रीची झोप नीट झाली नसावी. तो चिडलेला होता. त्याने डाव्या हाताने आपला उजवा हात मनगटाला धरून उचलला, नको असलेली वस्तू उचलावी तसा, आणि सोडून दिला. हात लोंबकळत खाली आला.

सर्र.

मी मान वर केली. अण्णाही बघत होता. त्याने पुन्हा हात उचलला, पुन्हा सोडला. मोहोळावरून लाट गेली.

"सरी?" तो म्हणाला. इतक्या आठवड्यांत त्याने पहिल्यांदा काहीतरी विचारलं होतं.

माझ्यातली बहीण जागी व्हायच्या आधी माझ्यातली मास्तरीण जागी झाली, काय करणार! मी काचेसमोर माझा हात हलवला. काही नाही. अण्णाला डावा हात हलवायला लावला. काही नाही. उजळ भिंतीसमोर हलणारं काहीतरी काळं हवं होतं, आणि काळा होता तो फक्त हातमोजा. म्हणजे त्याच्या धडक्या हाताला माश्या विचारत नव्हत्या. मेलेल्या हाताला उत्तर देत होत्या. मध्ये काच, वीतभर नव्हे, चांगलं दोन हातांचं अंतर, आणि पलीकडे हजारो जीव एका दमात हलत होते. मी आयुष्यभर फळ्यावर जे लिहीत आले ते माझ्या बैठकीच्या खोलीत घडत होतं.

"अण्णा, हातमोजा डाव्या हातात घालू या? सोपं जाईल," मी म्हणाले.

"सरी!" तो ओरडला. हा नकार होता. त्याने काळा हात पोटाशी धरला.

त्या दिवसापासून रोज सकाळी ऊन भिंतीवर आलं की अण्णा कामाला बसायचा. आधी डाव्या हाताने उजवा उचलून. मग फक्त आधार देऊन. मग एकदा आधार काढला तेव्हा हात मांडीवरून जेमतेम चार बोटं उठला आणि पडला. माश्या ढिम्म. अण्णाच्या कपाळावर घाम आला होता. पुन्हा. पुन्हा ढिम्म. त्या फसत नव्हत्या, आणि दयाही दाखवत नव्हत्या. आम्ही सगळे दाखवत होतो, आणि आमच्या दयेने काही हलत नव्हतं. फिजिओथेरपिस्ट मुलगी आता खुर्चीमागे उभी राहून गंमत बघायची. "नानु बेड, जेनु साकु," म्हणायची, मी नको, माश्या पुरे.

मी मोबाइलवर त्या लाटेचं चित्रण करून सावकाश फिरवून पाहिलं. वाटलं होतं, शेजारणीकडून शेजारणीकडे जात असेल. बरीचशी तशीच जात होती. पण लाट पोचायच्या आधीच, पुढे कुठेतरी, एकटीदुकटी माशी पोट उचलून मोकळी झालेली दिसायची. तिच्या आजूबाजूच्या अजून स्वस्थ. तिने लांबून काही पाहिलं होतं, आणि तिच्याभोवती नवी लाट सुरू व्हायची, मागून येणारी तिला येऊन मिळायची. म्हणून ती एवढी चपळ. मी ते चित्र किती वेळा पाहिलं असेल! डॉक्टरांच्या फोटोतल्या त्या लांबच्या, गप्प जागा माझ्या डोळ्यांसमोर येत होत्या. त्यातली एखादी अशीच, कुणाची वाट न बघता, उठत असेल का?

मग निखिल आला. निखिल आमच्या इमारतीचा सेक्रेटरी, नागपूरचा, आयटीतला, मुळात सज्जन माणूस.

"मॅडम, आय अंडरस्टँड," दारातूनच म्हणाला, "पण कमिटीचं प्रेशर आहे ना. शनिवारी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलंय. धूर करतील, स्प्रे मारतील, अर्ध्या तासाचं काम."

"मारून टाकणार?"

"मग काय करू सांगा नं? वरच्या मजल्यावर माझी पोरगी आहे. मागं तिला एक गांधीलमाशी चावली तर चेहरा असा सुजला होता, बाप्पा, श्वास लागला होता तिला. या तर हजारो आहेत."

त्याचं खोटं नव्हतं. आग्या माश्या उठल्या तर माणसाचा जीव घेऊ शकतात, हे मलाही ठाऊक होतं. एका बाजूला त्याची पोर, दुसऱ्या बाजूला माझा भाऊ. मी त्याला नुसतं आत बोलावलं. ऊन भिंतीवर आलं होतं.

अण्णाने मागे वळून पाहिलं. सगळं ऐकलं होतं त्याने. गिऱ्हाईक आल्यावर सरसावून बसायचा तसा खुर्चीत सरसावून बसला. आणि काळा हात, कुणाच्याही आधाराशिवाय, मांडीवरून उठला. थरथरत छातीपर्यंत आला. तिथं क्षणभर थांबला आणि मनगटाने एक हिसका दिला. साडी सोडायचा तोच हिसका. अर्धामुर्धा, लंगडा, पण तोच. मी तो कुठेही ओळखला असता.

मोहोळाच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत लाट गेली.

निखिलने आपला हात काचेसमोर हलवून बघितला. काहीच झालं नाही. "माझं नाही ऐकत," तो लहान मुलासारखा म्हणाला. मी त्याला सगळं सांगितलं. गुठळी, हातमोजा, डॉक्टरांचे महिने. तो ऐकत होता आणि अण्णाच्या हाताकडे बघत होता.

"किती दिवस राहतात या?" त्याने शेवटी विचारलं.

"उन्हाळा लागला की आपणहून जातात."

"बघतो," तो म्हणाला. एवढंच. पण शनिवारी कुणी आलं नाही. त्याऐवजी वरच्या सगळ्या बाल्कन्यांना जाळ्या लागल्या, माश्या उजेडावर येतात म्हणून आमच्या बाजूचे बाहेरचे दिवे संध्याकाळी बंद झाले, आणि कमिटीच्या शिव्या निखिलने खाल्ल्या. एका रविवारी तो लेकीला घेऊन आला. ती काचेला नाक लावून बसली आणि अण्णाला हुकूम सोडू लागली, "आजोबा, अजून एकदा!" आजोबा पुन्हा पुन्हा हात उचलत राहिले. त्या संध्याकाळी वैनीने पावट्यांचं पातेलं पुढ्यात ठेवलं तेव्हा त्याने ते दूर सारलं नाही. उजव्या हाताच्या दोन बोटांत एक दाणा धरून दाबला. दाणा उडून थेट वैनीच्या पदरात पडला. ती पदराने तोंड झाकून हसली, आणि हसता हसता रडली.

रस्त्याकडेची गुलाबी फुलं गळून पायाखाली आली, दुपारी पंखा लागायला लागला. एका सकाळी माश्यांची गडबड वाढली. त्या पडद्यावर गोल गोल नाचत होत्या, मोठ्ठा आवाज होत होता. मग सगळ्या एकदम सुटल्या, काळा ढग होऊन समोरच्या इमारतीवरून गेल्या. मागे उरलं रिकामं मेणाचं पोळं, अर्ध्या चंद्राच्या आकाराचं, पांढुरकं. कुठं गेल्या, कुठल्या जंगलात, वाट कशी कळते, परत त्याच कोपऱ्यात कशा येतात, याचं पुरं उत्तर मला सापडलेलं नाही. सापडलं नाही याचं मला वाईटही वाटत नाही.

अण्णाने हात उचलला. रिकाम्या पोळ्यावर काही हललं नाही. मी म्हटलं, आता बिथरणार. त्याचे ओठ हलले. मी सरी ऐकायची तयारी ठेवली होती.

"या," अण्णा म्हणाला.

स्पष्ट. दुकानातल्या आवाजात. माझ्या हातातली ताटली पडली. त्याला स्वतःलाही धक्का बसला असावा, कारण त्याने पुन्हा म्हणून पाहिलं. "या." नखाएवढ्या मेलेल्या जागेपासून लांब कुठेतरी काहीतरी उठलं होतं. मी वैनीला फोन लावला आणि बोलता येईना म्हणून नुसता फोन त्याच्या तोंडाशी धरला.

त्यानंतर शब्द एकेक करून आले, सगळे नाहीत. हात आला, सगळा नाही. साड्या आता वैनी सोडते, आणि अण्णा शेजारी बसून तिच्या मनगटाला नावं ठेवतो. मधली दोन वर्षं स्लॅबचा कोपरा रिकामाच राहिला. दर थंडीत अण्णा फोनवर विचारायचा, "आल्या?" आणि मी नाही म्हणायची.

आज रविवार. अण्णा काठी टेकत आला आणि विचारल्याशिवाय त्या खुर्चीत जाऊन बसला. वैनी पावटे घेऊन आली होती. अण्णाने शर्टाच्या खिशातून काहीतरी काढलं आणि दातांनी ओढत उजव्या हातावर चढवायला लागला. तो काळा हातमोजा. विटलेला, एक पट्टी तुटलेली. त्याने तो ठेवला असेल असं मला वाटलं नव्हतं.

"अण्णा, या त्या नव्हेत," मी म्हणाले. सवय जात नाही. "माशीचं आयुष्य ते केवढं. यांच्यातली एकही कामकरी माशी तेव्हा जन्मलेली नव्हती. तुझा हात यांनी कधी पाहिलेला नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं. शब्द जुळवायला त्याला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ द्यायला आम्ही शिकलो आहोत.

"आजी यायची," तो म्हणाला. "मग… लेक. आता नात येते." थांबला, दम घेतला. "गिऱ्हाईक… तेच."

ऊन भिंतीवर आलं होतं. अण्णा खुर्चीत सरसावून बसला. काळा हात सावकाश वर गेला, खांद्यापर्यंत, आणि मनगटाने हिसका दिला. ज्यांनी त्याला कधीच पाहिलं नव्हतं त्या हजारोंमधून वरपासून खालपर्यंत लाट गेली.

"या," अण्णा त्यांना म्हणाला. "बसा."